खालिद चढला ती शिडी कुठं ठेवलीत?

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी आणि तांत्रिक समिती,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ,
फुटबॉल हाऊस, द्वारका, नवी दिल्ली.

स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला संध्याकाळी मी फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये भारत-सिंगापूर सामन्याला होतो. आदल्या रात्रीची कोकणकन्या पकडून मडगावला उतरलो होतो. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेनं लांबून असा फटका हाणला की शेजारी बसलेला एक अनोळखी काका माझ्या गळ्यातच पडला. मग मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-यंगनं बरोबरी केली आणि ५८ व्या मिनिटाला दुसरा गोलही त्यानंच मारला. २०२७ च्या आशियाई चषकाचं दार आपल्यासाठी तिथंच बंद झालं. शिट्टी वाजल्यावर काका बराच वेळ उठले नाहीत. उठताना एवढंच म्हणाले, "आता खालिदाक काडटले रे?" म्हणजे, राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक खालिद जमील, त्याला आता काढतील का?

मी काहीच बोललो नाही. पुढे १८ नोव्हेंबरला ढाक्यात आपण बांगलादेशाकडून ०-१ हरलो. त्यांच्याकडून हरायची तब्बल बावीस वर्षांनंतरची ही पहिली वेळ, आणि मग तोच प्रश्न सगळीकडून ऐकू यायला लागला. काकांचा प्रश्न मी तुमच्याकडे पाठवतोय, पण त्याला माझा एक जोडून: काढलंत, तर पुढचा आणणार कुठून?

आधी एक खुलासा. या पत्रात खालिद जमीलला मी एकेरीत 'खालिद'च म्हणणार आहे. मैदानावरच्या माणसाला आम्ही एकेरीतच हाक मारतो. अध्यक्षमहाशय, आपण स्वतः गोलरक्षक होता. गोलमागून आपल्याला कोणी 'अहो चौबेसाहेब' म्हणून ओरडल्याचं आठवतंय का?

खालिदची कारकीर्द तुमच्या दप्तरात असेलच. पण दप्तरात तारखा असतात, म्हणून आम्ही मुंबईकरांनी पाहिलेला खालिद सांगतो.

तो जन्मला कुवेतमध्ये, १९७७ साली. लहानपणीचा त्याचा हिरो मिशेल प्लाटिनी. भारतात आल्यावर त्याचं फुटबॉल घडलं ते मुंबईत: महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा. मधल्या फळीत खेळायचा, भारताकडूनही खेळला. कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांचं बोलावणं त्यानं नाकारलं होतं, कारण त्यांच्या जर्सीवर तेव्हा मद्य कंपन्यांची नावं होती. कोलकात्याला जाणं म्हणजे भारतीय खेळाडूसाठी पैसा आणि नाव दोन्ही, असा तो काळ. पुढे २००५-०६ मध्ये महिंद्रानं राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा तो संघात होता, पण दुखापतींनी त्याला बरंचसं बाकावरच ठेवलं. त्या संघाचा प्रशिक्षक होता डेरिक परेरा, गोव्याचा माजी खेळाडू. म्हणजे खेळाडूचा प्रशिक्षक कसा होतो याचा नमुना खालिदनं बाकावर बसून रोज पाहिला असणार. हा माझा तर्क, पण बाकावर बसणारा माणूस खेळापेक्षा प्रशिक्षकाकडे जास्त पाहतो, हे क्लबस्तरावर बाकावर बसलेला माझ्यासारखा माणूस छातीठोकपणे सांगू शकतो.

२००९ मध्ये तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला आणि सात वर्षं राहिला. भारतात एका क्लबात सात वर्षं! परदेशी प्रशिक्षकांच्या बॅगा आपल्याकडे पुरत्या उघडतही नाहीत इतक्यात त्यांच्या परतीच्या तिकिटाची बातमी येते. त्या सात वर्षांत मुंबई एफसीनं काही जिंकलं नाही. पैसा बेताचा, नाव असलेले खेळाडू दुसरीकडे, आणि मधल्या काळात मैदानाचीही बोंब. मुंबईतलं कूपरेजचं मैदान हाताशी नव्हतं तेव्हा मुंबईचा हा क्लब घरचे सामने खेळायला पुण्याला बालेवाडीत जायचा. एक्स्प्रेसवेवरून घरच्या सामन्याला जायचं, हा विनोद आम्ही तेव्हा करायचो आणि आम्हीच हसायचो. तरी खालिदचा संघ एकदाही आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून, खाली गेला नाही. दरवर्षी जानेवारीत वाटायचं, यंदा बुडणार. दरवर्षी एप्रिल-मेपर्यंत तो पाण्याच्या वर नाक ठेवून असायचा.

सुंदर फुटबॉल होतं का ते? नव्हतं. स्पष्टच सांगतो, कूपरेजवर काही सामने बघताना मी घड्याळ पाहिलंय. दहा माणसं चेंडूच्या मागे, लांब पास, सेट-पीसवर, म्हणजे कॉर्नर आणि फ्री-किकवर, जीव. पण आपल्याकडे काय आहे हे ओळखून त्यातून निघेल तेवढं काढायचं, ही कला त्यानं तिथं कमावली. एखादी गृहिणी महिनाअखेरीला डब्यात उरलेल्या पिठात भाकरी कशी भागवते, तसं.

२०१६ मध्ये मुंबई एफसीनं त्याला काढलं. तो गेला थेट मिझोरमला, ऐझॉल एफसीकडे. हा संघ आधीच्या हंगामात लीगमधून खाली गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून तुम्हीच त्याला परत वर घेतलं. खालिदनं सोबत मुंबईतले काही खेळाडू नेले. आशुतोष मेहता होता, आपला जयेश राणे होता. जोडीला सीरियाचा अल अमना आणि डोंगरातली स्थानिक पोरं. २२ एप्रिल २०१७ ला ऐझॉलमध्ये मोहन बागानला १-० नं हरवलं, झोमिंगलियाना राल्तेच्या हेडरवर. ३० एप्रिलला शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी केली आणि ऐझॉल देशाचा विजेता झाला, बागानच्या फक्त एक गुण पुढे. ईशान्येकडच्या क्लबानं राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

त्याच हंगामात, खालिद नसलेला मुंबई एफसी तळाला गेला, खालच्या पायरीवर घसरला आणि मग बंदच पडला. यावर कूपरेजच्या बाहेर चहा पिताना जे बोललं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि महासंघानं त्या विजेत्या संघाचं काय केलं? पुढच्या हंगामात आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, बंगळुरू आणि जमशेदपूर आले. मैदानावर लीग जिंकलेल्या ऐझॉलला जागा मिळाली नाही. तेव्हा कारभारी वेगळे होते हे मान्य, पण खुर्ची तीच आहे, म्हणून तुम्हाला आठवण करून देतो.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण त्यांचा साचा एकच. ईस्ट बंगालमध्ये एक हंगाम, चौथा क्रमांक, आणि निरोप. जानेवारी २०१९ मध्ये हंगामाच्या मध्यावर मोहन बागानची गाडी अडली तेव्हा खालिदला बोलावणं. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडनं जेरार्ड नूसला काढलं तेव्हा सहायक असलेला खालिद हंगामी प्रशिक्षक. तो हंगाम करोनामुळे सगळाच्या सगळा गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत झाला. फातोर्डा, बांबोळी, वास्कोचं टिळक मैदान. टीव्हीवर खालिदचा टचलाइनवरचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. एरवी पत्रकार परिषदेत दोन वाक्यांत आटपणारा हा माणूस सामन्यात अखंड बोलत असतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. लीगमधले उरलेले सामने संघ एकही न हरता खेळला आणि उपान्त्य फेरीत गेला. आयएसएलमध्ये भारतीय प्रशिक्षकानं संघ बाद फेरीत नेला, हे पहिल्यांदा घडलं. मगच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, त्याला पूर्णवेळ नेमलं. स्पर्धा २०१४ ला सुरू झाली. पहिला पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक मिळायला सात वर्षं लागली.

तो पूर्णवेळचा हंगाम वाईट गेला, अकरा संघांत दहावा. हेही लिहायलाच हवं, नाहीतर हे पत्र आरती होईल. त्यानंतर तो खालच्या पायरीवर, बंगळुरू युनायटेडला गेला. मग डिसेंबर २०२३ मध्ये जमशेदपूरनं स्कॉट कूपरला काढलं आणि पुन्हा हंगामाच्या मध्यावर खालिदचा फोन वाजला. २०२४-२५ मध्ये जमशेदपूर पाचवा आला, उपान्त्य फेरीत मोहन बागानला घरच्या मैदानावर २-१ हरवलं, कोलकात्यात भरपाई वेळेतल्या गोलनं अंतिम फेरी हुकली. सुपर कपची अंतिम फेरी गाठली, तिथं एफसी गोवानं ३-० धुतलं. लागोपाठ दोन वर्षं तुमच्याच महासंघानं त्याला वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं.

आता हा साचा नीट बघा. घर पेटलं की खालिद. आगीचा बंब जसा. आग विझली की बंब परत गल्लीच्या तोंडाशी उभा, आणि घराची नवी रंगरंगोटी करायला स्पेनहून कोणीतरी.

हे त्याच्या एकट्याचं नाही. गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडानं एप्रिल २०२३ मध्ये हंगामी प्रशिक्षक म्हणून ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. पुढच्या हंगामासाठी क्लबानं स्पेनच्या सर्हियो लोबेराला आणलं. लोबेरा वाईट आहे असं कोण म्हणेल? पण करंडक हातात घेऊन उभा असलेला माणूसही आपल्याकडे 'हंगामी'च राहतो, ही गोष्ट त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येक पोराला दिसते.

राष्ट्रीय संघाचंही तेच. २००६ पासूनची यादी आठवा. बॉब हौटन गेले आणि २०११ मध्ये अचानक गोव्याच्या धेंपो क्लबच्या आर्मांडो कुलासोंना बोलावलंत. राष्ट्रीय पातळीवर पाच विजेतेपदं त्या माणसाच्या नावावर. विश्वचषक पात्रतेत अमिरातीशी दोन सामने झाले, आणि ते गेले. मग गोव्याच्याच साल्गावकर क्लबचा जुना मोहरा सावियो मदेरा आला. डिसेंबर २०११ मध्ये दिल्लीत सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली, अंतिम फेरीत अफगाणिस्तानला ४-० नं. तीन महिन्यांनी काठमांडूत चॅलेंज कपचे तिन्ही सामने हरला, आणि त्याचीही पाळी संपली. पुढे सगळे परदेशी: कोव्हरमन्स, कॉन्स्टंटाइन, स्टिमाच, मार्केस. स्टिमाचला पाच वर्षं मिळाली. मार्केस तर एकाच वेळी एफसी गोवा आणि देश दोन्ही सांभाळत होता. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. गोव्याच्या दोघांना मिळाला तेवढा वेळ या पाहुण्यांपैकी कुणाला तरी पुरला असता का?

कधीकाळी आपण असे नव्हतो. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं, १९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक, एवढा सगळा पल्ला त्या एका माणसाच्या हाताखाली गाठला गेला. त्या पल्ल्यात हारही होती, पण दरवेळी मास्तर बदलला गेला नाही. १९६२ च्या अंतिम सामन्यात गोल करणारे पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः देशाचे प्रशिक्षक झाले. १९७० च्या कांस्यपदकाचा कर्णधार नईमुद्दीन, तोही झाला. मैदानातून बाकावर आणि बाकावरून मैदानात अशी ती वाट वाहती होती.

१ ऑगस्ट २०२५ ला तुम्ही खालिदचं नाव जाहीर केलंत. १७० अर्ज आले होते म्हणे, त्यात झावी आणि ग्वार्दिओलाच्या नावाचेही. ते बनावट निघाले यावर आम्ही आठवडाभर हसलो. पण मुद्दा हा, की कॉन्स्टंटाइन आणि टार्कोविचसारख्यांना मागे ठेवून तुम्ही खालिदला निवडलंत. तेरा वर्षांनी भारतीय माणूस. निर्णय धाडसाचा होता, आणि त्याबद्दल अभिनंदन करायलाही माझी हरकत नाही.

फक्त वेळ पाहा. घर पुन्हा पेटलेलंच होतं. आशियाई चषक पात्रतेच्या गटातले दोन सामने झालेले. शिलाँगला बांगलादेशाशी ०-०, हाँगकाँगकडून ०-१, खात्यात एक गुण. जुलैत आयएसएलचा हंगाम लांबणीवर पडलेला, कारण २०१० चा व्यावसायिक हक्कांचा करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचं ठरवायला कुणाला जमलं नव्हतं. खेळाडूंना सामनेच नाहीत. देशातली सगळ्यात मोठी लीग बंद आणि प्रशिक्षकानं खेळाडू तंदुरुस्त ठेवायचे! चूल विझवून ठेवायची आणि भात कच्चा राहिला म्हणून आचाऱ्याला धरायचं, अशातला प्रकार.

अशा स्थितीत त्यानं काय केलं? मलेशियानं माघार घेतल्यामुळे आपल्याला मध्य आशियाई नेशन्स कपचं आमंत्रण आलं. मोहन बागाननं खेळाडू सोडले नाहीत. तरी हिसोरला ताजिकिस्तानला त्यांच्याच अंगणात २-१ नं हरवलं, गोलरक्षक गुरप्रीतनं पेनल्टी अडवली. इराणकडून ०-३. अफगाणिस्तानशी ०-० हा सामना रटाळ झाला आणि तो जिंकायलाच हवा होता. पण तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानला, ज्यांना आपण कधी हरवलं नव्हतं, १-१ नंतर पेनल्टीवर ३-२ नं नमवलं. शूटआउटमध्ये गोल करणाऱ्यांत राहुल भेके होता. मुंबईचाच मुलगा, मुंबई एफसीतून पुढे गेलेला. त्या रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये मी एकटाच ओरडलो. सेक्रेटरींनी सकाळी विचारलं, क्रिकेटचा सामना होता का?

मग ऑक्टोबर. सिंगापूरमध्ये आपल्या झिंगनला लाल कार्ड, दहा माणसांनिशी खेळून नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीचा गोल, १-१. आणि पाच दिवसांनी फातोर्डा. त्या संध्याकाळबद्दल खालिदवरही माझा राग आहे. आघाडी घेतल्यावर संघ मागे सरकला. मुंबई एफसीत सात वर्षं जी सवय अंगात मुरली, एक गोल झाला की दार लावून घ्यायचं, तीच तिथं दिसली. पण कूपरेजवरचा प्रतिस्पर्धी तासभर दार ठोठावून थकायचा, सिंगापूर थकलं नाही. दुसऱ्या गोलनंतरचा अर्धा तास आपल्याकडे काही योजना आहे असं स्टँडातून तरी जाणवलं नाही. राष्ट्रीय प्रशिक्षकाला हे विचारलं पाहिजे आणि त्यानं दोन वाक्यांपेक्षा जास्त उत्तर दिलं पाहिजे.

ढाक्याच्या पराभवाबद्दल मात्र त्याच्याइतकंच तुम्हालाही विचारायचं आहे. रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. आईकडून त्याचं नातं आपल्या मुंबईशी, आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. तो संघाबरोबर ढाक्याला पोहोचला आणि कागद वेळेत न आल्यामुळे खेळू शकला नाही. कागद कुठं अडला ते तुम्हाला ठाऊक. डावपेचांचा हिशेब खालिदकडे मागताना कागदांचा हिशेब कोणाकडे मागायचा तेही सांगा.

आता माझा खरा प्रश्न, ज्यासाठी एवढं लिहिलं. खालिद ज्या पायऱ्यांवरून वर आला त्या मोजा. महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद झाला. एअर इंडियाचा संघ लीगमधून गेला. मुंबई एफसी गेला. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, तिन्ही गेले. साल्गावकर, स्पोर्टिंग आणि धेंपोनं २०१६ मध्ये राष्ट्रीय लीग सोडली. ज्या धेंपोत आर्मांडो आणि क्लिफर्ड घडले, तो धेंपो. बत्तिसाव्या वर्षी निवृत्त झालेल्या खेळाडूला बेताच्या पैशांत, बेताच्या संघासह, सात वर्षं चुका करू देणारी जागा आज या किनाऱ्यावर कुठं आहे? कोर्स आहेत, लायसन्स आहेत, मला माहीत आहे. पण लायसन्स काढून गाडी येत नाही, ती चालवायला रस्ता लागतो.

तेव्हा मागण्या. खालिदला दोन वर्षांचा करार दिलाय, तो पाळा. त्याबरोबर पुढच्या वर्षभराच्या शिबिरांच्या तारखा क्लबांकडून लेखी घ्या आणि जाहीर करा, म्हणजे खेळाडू कोणी अडवले ते आम्हाला दिसेल. तांत्रिक समितीनं पात्रता फेरीचा अहवाल लिहिला असेल तर तो छापा. नसेल, तर समितीचे अध्यक्ष विजयनसाहेब, आपण ज्या बेधडकपणे बचावफळीत घुसायचात त्याच बेधडकपणे तो लिहा, त्यात खालिदच्याही चुका येऊ द्या. मुंबईचाच नौशाद मूसा २३ वर्षांखालच्या संघाचं काम बघतोय. त्यानं बहारीनला हरवून दाखवलं. तो आणि खालिद एकच फुटबॉल खेळवणार आहेत की दोन, ते आत्ताच ठरू द्या.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये भारतीय प्रशिक्षकाला किमान दोन हंगामांच्या कराराची अट घाला. क्लब कुरकुर करतील. करू देत. परदेशी खेळाडू किती खेळवायचे याचे नियम तुम्ही करताच ना? मग हाही करून पाहा. राज्यांच्या लीगना, म्हणजे आमच्या मुंबईच्या आणि गोव्याच्याही, वर्षाचं वेळापत्रक आधी मिळू द्या. कूपरेजवर सामना आहे हे मला सामना संपल्यावर कळतं, ही काही माझी एकट्याची तक्रार नाही.

काकांचा फोन नंबर मी घेतला होता. दर पंधरा दिवसांनी त्यांचा मेसेज येतो, "काढला का?" मी लिहितो, "अजून नाही." तुमचं उत्तर आलं की तेच त्यांना पुढे पाठवीन. इंग्रजीत दिलंत तरी चालेल, काका वाचतात. तारीख मात्र घाला.

आपला,
कूपरेजचा एक जुना प्रेक्षक
मुंबई